टॉर्पेडोसाठी राखलेली जागा

लँकेस्टर विमानाने सबंध दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या एकाही जहाजावर टॉर्पेडो सोडला नाही. ते रात्रीच्या अंधारात जर्मन शहरांवर बाँब टाकत राहिले, समुद्रात सुरुंग पेरत राहिले, धरणे आणि पूल फोडत राहिले. तरीही ज्या एका गुणामुळे ते ब्रिटनच्या सगळ्या जड बाँबफेकी विमानांत वरचढ ठरले, तो गुण त्याला टॉर्पेडोमुळे मिळाला. विमानाच्या पोटात ३३ फूट लांबीची, मध्ये कुठेही आडवी तुळई नसलेली मोकळी जागा होती. ती आखली गेली १९३६ साली, युद्ध सुरू होण्याच्या तीन वर्षे आधी, एका सरकारी मागणीपत्रामुळे. टॉर्पेडोची मागणी पुढे रद्द झाली, जागा मात्र राहिली.

त्या काळात ब्रिटिश हवाई मंत्रालय नव्या विमानाची गरज कागदावर मांडून विमान कंपन्यांकडे पाठवत असे. वेग किती, पल्ला किती, भार किती, पंख किती लांब असावेत, हे सारे त्यात असे. १९३६ मध्ये असे दोन कागद निघाले आणि युद्धातली तिन्ही जड विमाने त्यांतून जन्मली. पहिला कागद बी १२/३६. त्याला उत्तर म्हणून शॉर्ट कंपनीने चार इंजिनांचे स्टर्लिंग बांधले. दुसरा पी १३/३६. त्यात दोन इंजिनांचे, जगात कुठेही पाठवता येईल असे मध्यम विमान मागितले होते. हँडली पेज आणि ॲव्ह्रो या दोन कंपन्यांनी ते काम घेतले. एकीचे विमान हॅलिफॅक्स झाले, दुसरीचे मँचेस्टर, ज्यातून पुढे लँकेस्टर आले.

पी १३/३६ मधल्या मागण्या आज वाचताना चकित व्हायला होते. विमानाला दोन टॉर्पेडो नेता आले पाहिजेत. ते तिरक्या सुरात खाली झेपावून बाँब टाकू शकले पाहिजे. आणि धावपट्टी आखूड असेल तर भरलेले विमान कॅटपल्टने, म्हणजे यंत्राच्या झटक्याने, हवेत फेकता आले पाहिजे. एकाच यंत्राने तीन वेगवेगळ्या दलांची कामे करावीत असा तो हट्ट होता. पुढे कॅटपल्ट गेले, टॉर्पेडोही गेले. पण तोवर ॲव्ह्रोचा मुख्य रचनाकार रॉय चॅडविक याने सांगाडा आखून टाकला होता. सुराचा आणि कॅटपल्टचा ताण सोसायचा म्हणून तो भक्कम झाला आणि टॉर्पेडो लांब असतात म्हणून पोट सलग मोकळे राहिले. पंखांचा मुख्य दांडा या पोकळीच्या वरून, धडातून आडवा नेला होता. त्याची किंमत आतल्या माणसांना मोजावी लागणार होती. तो भाग पुढे येईलच.

शेजारच्या स्टर्लिंगशी तुलना केली की या जागेचे मोल कळते. स्टर्लिंगच्या कागदात बाँबची मोठ्यात मोठी कल्पना २,००० पौंडांची होती. १९३६ साली ती पुरेशी वाटली, कारण त्याहून मोठा बाँब कुणी वापरतच नव्हते. शॉर्टने पोटाचा कप्पा लांब केला, पण बळकटीसाठी त्यात उभ्या तुळया घालून त्याचे तीन अरुंद पट्टे पाडले. विमान एकूण १४,००० पौंड उचलू शके, पण ते लहान लहान बाँबच्या रूपातच. ४,००० पौंडी बाँब आला तेव्हा त्याला स्टर्लिंगमध्ये जागाच नव्हती, आणि धड कापून तुळया काढणे म्हणजे नवे विमान बांधणे.

स्टर्लिंगचे दुसरे दुखणे पंखांचे. पंखांचा विस्तार १०० फुटांच्या आत हवा, अशी अट होती. विमानतळावरच्या शेडची दारे तेवढीच रुंद होती म्हणून ही अट घातली, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. मला हे स्पष्टीकरण अपुरे वाटते. विमाने फुगत जाऊ नयेत, वजनाला लगाम बसावा, हाही मंत्रालयाचा हेतू होता. कारण काहीही असो, ९९ फूट १ इंचाच्या जाडजूड पंखांनी हे अवजड धूड उंच चढेना. त्यातच उड्डाणासाठी लागणारी धाव कमी करा, अशी नवी मागणी आली. पंख बसवण्याचा कोन बदलायला उशीर झाला होता, म्हणून चाकांचे पायच लांब केले. उभ्या विमानाचे नाक वीस फुटांहून उंच जाऊ लागले. १४ मे १९३९ रोजी पहिले स्टर्लिंग पहिल्याच उड्डाणानंतर उतरताना या पायांवर कोसळले आणि भंगारात गेले. पुढे भरल्या भारानिशी स्टर्लिंग अनेकदा बारा ते पंधरा हजार फुटांवरच अडकत आणि लँकेस्टर वीस हजारांवरून जात. विमानविरोधी तोफांचा मारा खालच्यांना आधी लागे. शिवाय वरून आपल्याच विमानांचे बाँब अंगावर येण्याची भीती.

तरीही स्टर्लिंगच्या वैमानिकांनी या विमानावर जीव लावला. उंची नसली तरी ते हवेत चपळ होते, मोठ्या विमानाला न शोभणारी तीव्र वळणे घेई. भारताच्या नावाने ओळखली जाणारी १४९ (ईस्ट इंडिया) स्क्वॉड्रन स्टर्लिंगच उडवत होती. नोव्हेंबर १९४३ मध्ये मात्र जर्मनीवरच्या हल्ल्यांतून स्टर्लिंगला बाजूला काढावे लागले.

आता मँचेस्टरकडे वळू. त्याची दोन इंजिने रोल्स-रॉइसची, नाव व्हल्चर. कल्पना धाडसी होती. रोल्स-रॉइसकडे पेरेग्रिन नावाचे बारा सिलिंडरचे इंजिन होते, त्यात सिलिंडरच्या सहा-सहाच्या दोन रांगा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या. अशी दोन इंजिने एकावर एक उलटी ठेवून एकाच क्रँकशाफ्टला जोडली की चार रांगा, चोवीस सिलिंडर आणि एक्स अक्षराचा आकार. कागदावर १,७६० अश्वशक्ती. दोनच इंजिनांत चारांचे काम.

घोटाळा क्रँकशाफ्टवर झाला. चार रांगांतले चार कनेक्टिंग रॉड क्रँकच्या एकाच खुंटावर आणायचे म्हणजे एक मुख्य रॉड आणि त्याच्या डोक्याला जोडलेले तीन दुय्यम. चार पिस्टनांचा धक्का एका बेअरिंगवर. तिथे तेल नीट पोहोचेना. बेअरिंग तापून जात, रॉडचे बोल्ट तुटत, आणि मोकळा झालेला रॉड इंजिनाचे कवच फोडून बाहेर येई. अशा वेळी आग लागणे ठरलेलेच. आणि दोन इंजिनांच्या विमानाचे एक गेले तर उरते अर्धी ताकद. भरलेले मँचेस्टर एका इंजिनावर उंची टिकवू शकत नसे.

मँचेस्टर पहिल्यांदा उडाले २५ जुलै १९३९ रोजी, मँचेस्टर शहराजवळच्या रिंगवे विमानतळावरून. नोव्हेंबर १९४० मध्ये ते २०७ स्क्वॉड्रनकडे आले. २४ फेब्रुवारी १९४१ च्या रात्री फ्रान्समधल्या ब्रेस्ट बंदरावर त्याची पहिली मोहीम झाली. त्यानंतरचे वर्ष इंजिने दुरुस्त करण्यात, सगळी विमाने जमिनीवर थांबवण्यात आणि पुन्हा सोडण्यात गेले. सुमारे दोनशे बांधून मँचेस्टर थांबले.

या विमानात बसणे म्हणजे काय होते, ते लेस्ली मँसर या तरुणाच्या शेवटच्या रात्रीतून कळते. त्याचा जन्म नवी दिल्लीतला. ३० मे १९४२ रोजी कोलोन शहरावर हजार विमानांचा हल्ला करायचे ठरले तेव्हा आकडा भरून काढण्यासाठी जुनी मँचेस्टरही बाहेर काढली गेली. मँसरचे विमान ७,००० फुटांवरच अडकले होते. बाँब टाकून झाल्यावर तोफेचा गोळा लागला, मागचा तोफची जखमी झाला. शोधदिव्यांच्या झोतातून निसटायला मँसर विमान खूप खाली घेऊन गेला. पुन्हा कसेबसे वर चढतो तोच डाव्या इंजिनाने पेट घेतला. आग विझली, पण एका इंजिनावर विमान इंग्लंडपर्यंत जाणार नव्हते. त्याने सगळ्यांना उडी मारायला सांगितले. एका सहकाऱ्याने त्याच्यापुढे पॅराशूट धरले, तेव्हा त्याने ते दूर सारले. आपण विमान आणखी काही क्षणच स्थिर ठेवू शकतो, हे त्याला ठाऊक होते. बाकीचे सहाही जण वाचले. मँसर बेल्जियमच्या भूमीवर विमानासह कोसळला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय वीस. त्याच्या शौर्याला सलाम करताना मला त्या इंजिनाचीही आठवण राहते, कारण त्याच सांगाड्याचे चार इंजिनांचे रूप तेव्हा दुसऱ्या स्क्वॉड्रनांत पोहोचले होते.

हे चार इंजिनांचे रूप कसे आले? हँडली पेज या बाबतीत सुदैवी ठरले. व्हल्चरबद्दल शंका येऊ लागताच, १९३७ मध्येच, त्यांना आपले विमान रोल्स-रॉइसच्याच चार मर्लिन इंजिनांसाठी नव्याने आखायची परवानगी मिळाली. म्हणून हॅलिफॅक्सने व्हल्चर कधी वापरलेच नाही. २५ ऑक्टोबर १९३९ रोजी ते उडाले आणि ३५ (मद्रास प्रेसिडेन्सी) या स्क्वॉड्रनने ते पहिल्यांदा युद्धात नेले. त्याचेही दुखणे होते. उभ्या शेपटीचे सुकाणू एका बाजूला पूर्ण वळले की तिथेच अडकून बसे आणि विमान गरगरत खाली जाई. याचे कारण सापडायला आणि त्रिकोणी पर काढून मोठे चौकोनी पर बसवायला १९४३ उजाडले. तोवर किती जीव गेले असतील, याचा विचार अस्वस्थ करतो. पुढे ब्रिस्टल कंपनीची हर्क्युलस इंजिने बसली तेव्हा हॅलिफॅक्स खऱ्या अर्थाने चांगले विमान झाले. सगळी मिळून ६,१७६ बांधली गेली.

ॲव्ह्रोपुढे मात्र १९४० मध्ये वेगळे संकट होते. मँचेस्टर बंद करून त्यांच्या कारखान्यांनी हॅलिफॅक्स बांधावेत, असा विचार सरकारी पातळीवर चालू होता. चॅडविक आणि कंपनीचा कारभार पाहणारा रॉय डॉब्सन यांना हे मान्य होणे शक्य नव्हते. चॅडविकला खात्री होती की विमानात खोट नाही, खोट इंजिनात आहे. त्याने धडाला हात लावला नाही. पंखाचा मधला भाग तसाच ठेवला, बाहेरचे तुकडे लांबवून विस्तार ९० फुटांवरून १०२ फुटांवर नेला आणि चार मर्लिन टांगली. मर्लिन मागणे सोपे नव्हते. स्पिटफायर आणि हरिकेन या लढाऊ विमानांना तीच इंजिने हवी होती आणि ब्रिटनच्या आकाशात तेव्हा जगण्या-मरण्याची लढाई चालू होती.

९ जानेवारी १९४१ रोजी हे विमान रिंगवेहून उडाले. कागदोपत्री नाव ‘मँचेस्टर तीन’. सुरुवातीला त्याला मँचेस्टरचीच तीन परांची शेपटी होती. थोड्याच काळात मधला पर काढून शेपटी रुंद केली, दोन बाजूचे पर मोठे केले, आणि नावही बदलले. लँकेस्टर. डिसेंबर १९४१ च्या शेवटच्या आठवड्यात ते वॉडिंग्टन तळावरच्या ४४ (ऱ्होडेशिया) स्क्वॉड्रनला मिळाले. पहिल्या उड्डाणापासून स्क्वॉड्रनपर्यंत एका वर्षाच्या आत. नवे जड विमान कोऱ्या कागदापासून इतक्या वेगाने तयार होऊच शकले नसते. मँचेस्टरसाठी केलेले साचे, चौकटी, प्रशिक्षित कामगार, सगळे तयार होते. फसलेल्या विमानावरचा एकही खर्च वाया गेला नाही, असे म्हटले तरी चालेल.

बांधणीची पद्धतही मँचेस्टरकडूनच आली. धड आणि पंख वेगवेगळ्या तुकड्यांत बनत आणि ते तुकडे ट्रकवरून जोडणीच्या जागी नेता येत. त्यामुळे ॲव्ह्रोबरोबर मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स, आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ, व्हिकर्स-आर्मस्ट्राँग्ज आणि मोटारी बनवणारी ऑस्टिन, या सगळ्यांना काम वाटून देता आले. इंजिने कमी पडू नयेत म्हणून अमेरिकेत पॅकार्ड कंपनी मर्लिन बनवू लागली. कॅनडातही कारखाना निघाला. एकूण ७,३७७ लँकेस्टर बांधली गेली, त्यांतली ४३० कॅनडात.

याच काळात ब्रिटनला एक कडू गोष्टही कळली होती. १८ डिसेंबर १९३९ रोजी वेलिंग्टन विमाने दिवसाढवळ्या जर्मन आरमारावर गेली आणि २२ पैकी १२ पडली. त्यानंतर हल्ले रात्रीचे झाले. पण रात्री बाँब पडतात कुठे? ऑगस्ट १९४१ मध्ये बट नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने विमानांतून काढलेली सहाशेहून अधिक छायाचित्रे तपासली. लक्ष्यावर बाँब टाकल्याचे सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एकतृतीयांश विमाने लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचली होती. अचूक नेम जमत नाही म्हटल्यावर फेब्रुवारी १९४२ मध्ये शहरांच्या वस्तीलाच लक्ष्य करण्याचे धोरण आले आणि आर्थर हॅरिस ब्रिटिश बाँबफेकी विमानांच्या दलाचा, म्हणजे बाँबर कमांडचा, प्रमुख झाला. लँकेस्टरचे मोकळे पोट या धोरणाला नेमके जुळले. ४,००० पौंडांचा एक पिंपासारखा बाँब, ज्याने छपरे आणि खिडक्या उडत, आणि त्याच्याभोवती आग लावणाऱ्या लहान कांड्या. जुलै १९४३ मध्ये हॅम्बर्गमध्ये यातून आगीचे वादळ उठले आणि हजारो नागरिक भाजून, गुदमरून मेले. विमानाच्या रचनेचे कौतुक लिहिताना हे बाजूला ठेवता येत नाही, ठेवूही नये. ती पोकळी किती कार्यक्षम होती, याचा हिशेब त्या शहरातही लागला.

तिचा दुसरा उपयोग होता अभियंता बार्न्स वॉलिसच्या बाँबसाठी. मे १९४३ मध्ये १९ लँकेस्टरच्या पोटाखाली त्याचा पिंपाच्या आकाराचा फिरता बाँब टांगला होता. पाण्यावरून उसळत जाऊन तो जर्मनीतल्या धरणांवर आदळला. आठ विमाने परतली नाहीत, ५३ माणसे गेली. मग आला १२,००० पौंडी टॉलबॉय. त्याने नोव्हेंबर १९४४ मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ टिर्पिट्झ ही युद्धनौका उलथवली. १४ मार्च १९४५ रोजी बीलेफेल्डच्या रेल्वे पुलाजवळ २२,००० पौंडी ग्रँड स्लॅम पडला. हादऱ्याने जमीन खचली आणि पुलाच्या कमानी कोसळल्या. हा बाँब न्यायला दारे काढून टाकावी लागली, पण तो नेण्याइतकी सलग जागा आणि तो पेलण्याइतका दणकट सांगाडा युद्धातल्या दुसऱ्या कोणत्याही ब्रिटिश विमानात नव्हता. हॅलिफॅक्समध्ये ८,००० पौंडी बाँब भरला तरी दारे पूर्ण मिटत नसत.

आता आतल्या माणसांकडे. लँकेस्टरमध्ये सात जण: वैमानिक, इंजिनिअर, दिशादर्शक, बाँब टाकणारा, बिनतारी यंत्रावरचा आणि दोन तोफची. पोट बाँबसाठी मोकळे ठेवायचे म्हणून पंखांचा मुख्य दांडा माणसांच्या वावरण्याच्या जागेतून गेला होता. नाकाकडून शेपटीकडे जायचे तर जाडजूड उड्डाणवेषात, बंद जागेत, अंधारात, त्या दांड्यावरून चढून पलीकडे उतरावे लागे. जमिनीवरही ते कठीण होते. जळत, कलंडत खाली जाणाऱ्या विमानात ते कसे जमावे? मागच्या तोफचीचे हाल आणखी. त्याचा घुमता मनोरा इतका अरुंद की पॅराशूट बाहेर धडात ठेवावे लागे. उडी मारायची तर आधी मनोरा सरळ करून दार उघडायचे, मग ते पॅराशूट हातात घ्यायचे.

मोकळ्या पोटाने आणखी एक घात केला. खाली पाहणारा तोफची बहुतेक लँकेस्टरमध्ये नव्हता, आणि पोटाखाली नंतर एचटूएस रडारचा घुमट बसला. जर्मन रात्रलढाऊ विमानांनी मग वर रोखलेल्या तोफा बसवल्या. अंधारात बाँबरच्या खाली येऊन, वेग जुळवून, पंखातल्या पेट्रोलच्या टाक्यांवर ती गोळ्या झाडत. आपल्याला कोण मारतेय, हे वरच्या सात जणांना अनेकदा कळतही नसे.

बाँबर कमांडच्या मुख्यालयात तेव्हा फ्रीमन डायसन हा विशीच्या आतला गणिती काम करत होता. पुढे तो जगप्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञ झाला. तिथल्या शास्त्रज्ञांनी पडलेल्या विमानांतून किती जण जिवंत सुटतात याचे आकडे काढले. लँकेस्टर इतर विमानांपेक्षा कमी वेळा पाडले जाई, पण एकदा पडले की त्यातून वाचणारे हॅलिफॅक्सपेक्षा बरेच कमी असत. कारण मोठे गुंतागुंतीचे नव्हते. बाहेर उडी मारण्याचे पुढचे दार लँकेस्टरमध्ये २२ इंच रुंद होते, हॅलिफॅक्समध्ये २४. पॅराशूट बांधलेला माणूस बावीस इंचांत अडकत होता. डायसनच्या एका सहकाऱ्याने दार मोठे करा म्हणून पाठपुरावा केला, पण निर्णय होऊन दार मोठे होईपर्यंत युद्ध संपत आले होते. चार नवी इंजिने एका वर्षाच्या आत बसली होती. बाँबर कमांडच्या सुमारे सव्वा लाख उड्डाणकर्मींपैकी ५५,५७३ जण मेले.

चॅडविकने लँकेस्टरवरूनच पुढे लिंकन आणि प्रवासी वाहतुकीचे यॉर्क उभे केले. लिंकनमधून शॅकल्टन निघाले आणि ते ब्रिटिश विमानदलात १९९१ पर्यंत उडत होते. चॅडविकने ते पाहिले नाही. २३ ऑगस्ट १९४७ रोजी वुडफर्डच्या धावपट्टीवरून तो ॲव्ह्रोच्या ट्यूडर विमानातून चाचणी उड्डाणाला निघाला होता. देखभालीत पंखांच्या नियंत्रणाच्या तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. विमान उडताच कलंडले आणि तो त्यात मरण पावला.